काचेपलीकडचा कोंबडा

कंडक्टर: तिथे पिशवी आहे.

शिंपीण: दिसतेय गं मला. उचल जरा, टेकते.

कंडक्टर: जागा धरलेली आहे.

शिंपीण: कुणासाठी?

कंडक्टर: पिशवीसाठी. तिलाही आज डोळ्यात सुई घ्यायची आहे.

शिंपीण: अगं, माझे गुडघे बोलायला लागलेत. दवाखान्याचं फाटक उघडायच्या आधीपासून बाहेर उभी होते मी.

कंडक्टर: तुम्ही? फाटकाबाहेर? वाट चुकलात का?

शिंपीण: हे "तुम्ही" कधीपासून?

कंडक्टर: अनोळखी बायकांना मी तुम्हीच म्हणते. बसमध्ये जन्म गेला, पण फुकट्या प्रवाशालाही कधी अरे-तुरे केलं नाही. "साहेब, तुम्ही तिकीट काढलेलं नाही, तुम्ही उतरा." नोकरी संपली तरी वळण जात नाही.

शिंपीण: अनोळखी म्हणे. दोन वर्षं ह्याच बाकावर खांद्याला खांदा लावून बसलो आपण. तुझा डावा डोळा, माझा उजवा. तुझ्या घरच्या दुधात पाणी किती असतं तेसुद्धा मला माहीत आहे.

कंडक्टर: तुमचा दरवाजा तो बाजूचा, काचेचा. जलद रांग. तिथे बाक नसतो म्हणे, सोफा असतो.

शिंपीण: आज मी साध्या रांगेत आलेय. तुझ्यामागे तिघं-चौघं होते, त्यांना हात जोडले. म्हटलं, मला त्या बाईंच्या शेजारी बसायचंय, जरा पुढे जाऊ द्या. भले लोक, जाऊ दिलं.

कंडक्टर: म्हणजे ह्या रांगेतही घुसलात. सवय लागली की लागली.

शिंपीण: घुसले नाही गं, विचारून आले.

कंडक्टर: पुढच्या दाराने चढणारे सगळे विचारूनच चढायचे. "बाई, एकच स्टॉप आहे." "बाई, पाय दुखतोय." माझ्या सख्ख्या दिराला मी पुढच्या दारातून खाली उतरवलंय, धो धो पावसात. म्हटलं, मागे जा, रांगेतून चढा. वर्षभर बोलत नव्हता माझ्याशी, आणि राहत होतो आम्ही त्याच्याच घरात.

शिंपीण: ऐकलंय मी ते. दर वेळी त्यातला पाऊस वाढतो.

कंडक्टर: पाऊस होताच तेवढा.

शिंपीण: ह्यावर आपण हसायचो.

कंडक्टर: पुढचे आजोबा आत गेले. सरकायचंय.

शिंपीण: आधी पिशवी सरकवलीस आणि मग तू सरकलीस. बरं बाई. पिशवीच्या अलीकडे बसते मी, तेवढं तरी चालेल? अगंबाई, काय कडक लागतंय. आपली गादी कुठेय? ती लांब गादी, दोघींच्या मापाने शिवली होती मी. घडी करून ह्याच पिशवीत ठेवायचीस.

कंडक्टर: आमच्या जिन्याखाली मांजर व्यायली. तिला दिली.

शिंपीण: दिलीस? मांजरीला?

कंडक्टर: सगळी पिल्लं मावतात त्यावर. कापूस चांगला भरलात हो. मांजरीला काम पसंत आहे तुमचं.

शिंपीण: टोचून बोलतेयस.

कंडक्टर: टोचायचं काम आत डॉक्टर करतात. मी नुसती बसलेय.

शिंपीण: मग ऐक तरी. त्या दिवशी तू मला दिसलीच नाहीस, खरंच सांगते. झालं कसं, लेकीने गाडी बाजूच्या दाराशी लावली, हाताला धरून सरळ आत नेलं. लगेच डोळ्यात थेंब घातले, मग काय, सगळं धुकं. पैसेही तिनेच भरले. ही वेगळी रांग आहे हे मला सोफ्यावर बसल्यावर कळलं. तिला ऑफिसची घाई होती, तिला काय बोलणार? एकदाच झालं ते. एकदाच.

कंडक्टर: लेकीने नेलं.

शिंपीण: हो ना.

कंडक्टर: त्या दिवशी मी काय केलं, ते सांगते तुम्हाला. बाकावर येऊन बसले, शेजारी पिशवी ठेवली. म्हटलं, येईल, बस चुकली असेल. नंबर जवळ आला तसं मागच्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, माझी जोडीदार यायची आहे. मग त्याच्या मागच्याला. सिस्टर ओरडली, मावशी, डॉक्टर कुणासाठी थांबत नाहीत. म्हटलं, आम्ही दोघी लागोपाठ जातो, आमचं ठरलेलं आहे. का ठरलं होतं ते तरी आठवतं का?

शिंपीण: आठवतं.

कंडक्टर: मग सांगा.

शिंपीण: आत लागोपाठ गेलो की बाहेरही लागोपाठ येतो. तुझ्या डाव्या डोळ्यावर पट्टी, माझ्या उजव्यावर. मी तुझ्या डाव्या हाताला, तू माझ्या उजव्या हाताला. पट्ट्या दोन्ही मध्ये आणि उघडे डोळे दोन्ही टोकांना.

कंडक्टर: तिकडून येणारी गाडी तुम्ही बघायची, इकडून येणारी मी. दोघींत मिळून एक धड बाई रस्ता ओलांडायची. तुम्ही नसताना मी आत कशी जाणार? माझा उजवा डोळा कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी बाकाच्या शेवटाला जाऊन बसले. सरकत सरकत पुन्हा पुढे आले, तुम्ही नाही, पुन्हा मागे गेले. असं किती वेळा केलं ते बाकाला ठाऊक. मग फोन लावला तुम्हाला.

शिंपीण: फोन पर्सच्या तळाशी होता गं. मला ऐकूच आला नाही.

कंडक्टर: मला आला.

शिंपीण: काय आला?

कंडक्टर: ऐकू. तुमच्या नातीने फोनमध्ये कोंबडा भरून ठेवलाय. वाजला की सगळा दवाखाना हसतो. मी इथून फोन लावला आणि कोंबडा तिकडे आरवला, त्या काचेपलीकडे. एकदा पूर्ण आरवला, दुसऱ्यांदा अर्धा, आणि मग कुणीतरी त्याची मान पिरगळली. बोला की.

शिंपीण: कोंबडं झाकलं म्हणून...

कंडक्टर: उजाडायचं राहत नाही. म्हण मलाही येते. पण खरी गंमत पुढेच आहे. एवढं ऐकूनही मी थांबले. म्हटलं, जगात कोंबडे काय कमी आहेत? कुणाच्याही नातीने भरला असेल. माणूस स्वतःची काय काय समजूत घालतो बघा. औषधाची शेवटची बाटली संपली, डॉक्टर निघून गेले, झाडूवाली आली आणि म्हणाली, आजी, पाय वर घ्या.

शिंपीण: म्हणजे त्या दिवशी तुला सुई मिळालीच नाही?

कंडक्टर: नाही.

शिंपीण: अगं, पण तू आत जायचं होतंस. मला शिव्या दे हव्या तेवढ्या, पण आपल्या डोळ्यावर कशाला राग काढलास?

कंडक्टर: राग नव्हता त्या दिवशी. राग नंतर आला. त्या दिवशी नुसता विश्वास होता.

शिंपीण: मग पुढे?

कंडक्टर: पुढे लांबची तारीख मिळाली. तोवर डोळ्याच्या आत पाणी साठलं. सुई दिली त्यांनी, पण म्हणाले, हिला फार उशीर झालाय मावशी, बघू. आज तपासून सांगणार आहेत, सुया चालू ठेवायच्या की पुरे.

शिंपीण: पुरे म्हणजे?

कंडक्टर: पुरे म्हणजे पुरे. मग आहे त्या उजव्यावर भागवायचं. माणूस आहे एवढं कळतं त्याला, कोण आहे ते कळत नाही. आत्ता तुम्ही आलात तेव्हाही चालीवरून ओळखलं मी तुम्हाला, चेहऱ्यावरून नाही.

शिंपीण: देवा. आज तक्त्यावरच्या किती ओळी वाचल्यास?

कंडक्टर: ते विचारायचं नाही.

शिंपीण: आपण नेहमी विचारतो एकमेकींना.

कंडक्टर: विचारायचो.

सिस्टर: चला मावशी, मान वर. डावा ना? पंख्याकडे बघा. हलू नका. झालं, मिटून ठेवा. अय्या, मॅडम! तुम्ही इथे काय करताय?

शिंपीण: आज इथेच बसते मी, सिस्टर. माझे थेंब इथेच घाला.

सिस्टर: ह्या बाकावर? अहो, तुमचं तर वर्षाचं कार्ड आहे. तुम्ही स्वतः आला होतात ना काउंटरवर, तुमच्या तारखेच्या आठवडाभर आधी? मीच नाव लिहून घेतलं. ते पैसे परत मिळत नाहीत हं, आधीच सांगते. उठा, तिकडे आत्ता एक माणूस नाही, आल्या आल्या आत पाठवते तुम्हाला.

शिंपीण: नको, राहू दे.

सिस्टर: बघा बाई. लोक इथून तिकडे जायला धडपडतात आणि तुम्ही उलट्या आलात. बरं, वर बघा. उजवा. झालं.

कंडक्टर: सिस्टर, एक सांगा. हल्ली हा बाक पूर्वीसारखा सरकत का नाही?

सिस्टर: दोन तिकडचे सोडायचे, मग एक इकडचा. वरून आलंय तसं. मला नका काही बोलू, मावशी, सकाळपासून सगळे मलाच बोलतायत.

(सिस्टर बाकावरच्या पुढच्या माणसाकडे जाते.)

कंडक्टर: लेकीने भरले.

शिंपीण: अगं...

कंडक्टर: एकदाच झालं.

शिंपीण: मी सांगणारच होते.

कंडक्टर: वर्षाचं? वर्षाचं कार्ड काढलंस तू? ठरवून, आठवडाभर आधी येऊन? आणि त्याच्या मागच्या खेपेला मला बसमध्ये बसवून देताना खिडकीतून काय म्हणाली होतीस? "पुढच्या वेळी लवकर ये गं, भिंतीकडची जागा धरू, पाठ टेकता येते." ह्याच तोंडाने म्हणालीस ना?

शिंपीण: "तू" म्हणालीस मला.

कंडक्टर: चुकून गेलं तोंडातून. आणि मावशीची मॅडम कधी झालीस? आपण दोघी मावश्या होतो इथे.

शिंपीण: कार्ड काढलं की मॅडमच म्हणतात सगळ्यांना.

कंडक्टर: कुणाचे पैसे?

शिंपीण: माझेच. एका हॉटेलच्या पडद्यांचं काम आलं होतं, सगळ्या खोल्यांच्या. त्याची शिलाई सगळी त्यात घातली.

कंडक्टर: अख्ख्या हॉटेलची? मग मिळालं तरी काय एवढं?

शिंपीण: काय मिळणार? मऊ बसायला मिळालं. थंड पाणी, पंख्याऐवजी एसी. एक मासा ठेवलाय काचेच्या पेटीत.

कंडक्टर: एकच?

शिंपीण: एकच. तोही आमच्याकडे पाठ करून असतो. कुणी कुणाशी बोलत नाही तिथे, सगळे आपापल्या फोनमध्ये. मी शेजारच्या बाईंना विचारलं, तुमचा कुठला डोळा, तर त्यांनी असं बघितलं जशी मी त्यांची पर्सच ओढली.

कंडक्टर: आणि वेळ वाचला.

शिंपीण: वाचला. अर्ध्या सकाळीच सुटले.

कंडक्टर: त्या वेळाचं काय केलंस?

शिंपीण: काय करणार? पट्टी बांधल्यावर मशीनवर बसता येत नाही, डॉक्टरांनी खाली वाकायचं नाही सांगितलंय. घरी जाऊन खुर्चीत बसले.

कंडक्टर: म्हणजे इथे बसायचं ते तिथे बसलीस. त्यासाठी हॉटेलचे पडदे.

शिंपीण: हस, हस मला.

कंडक्टर: हसत नाहीये मी. हिशेब लागत नाहीये मला. तू दोऱ्याचं रीळ घेताना चार दुकानं फिरणारी बाई. फाटक्या झग्याची बटणं काढून डब्यात ठेवतेस. तुला वेळेची घाई नव्हती, मऊ बसायची हौस नव्हती, मग वर्षाचं कार्ड कशाला? खरं काय ते बोल. आणखी एक थाप मारलीस तर मी ही पिशवी घेऊन बाकाच्या शेवटाला जाऊन बसेन, आणि आज पुन्हा सुई चुकली तरी चालेल मला.

शिंपीण: असं नको करूस. सांगते. ओळींमुळे.

कंडक्टर: कसल्या ओळी?

शिंपीण: तक्त्यावरच्या. बाकावर बसलं की तू आधी विचारायचीस, किती ओळी गं आज? मी म्हणायचे, आधी तू सांग. तू चार म्हणालीस की मी चार म्हणायचे. तू तीन म्हणालीस की मी तीन.

कंडक्टर: मग?

शिंपीण: मला सहा दिसत होत्या.

कंडक्टर: सहा.

शिंपीण: औषध लागू पडलं गं मला. डॉक्टर म्हणाले, असं फार थोड्यांना होतं. सुईत दोरा ओवायला लागले मी, पहिल्या झटक्यात. आणि इथे येऊन तुझा हात धरून म्हणायचे, मलाही धूसरच दिसतं बाई. तुझा आकडा दर खेपेला उतरत होता. मी कुठल्या तोंडाने सहा म्हणणार होते?

कंडक्टर: कधीपासून हे?

शिंपीण: गेल्या उन्हाळ्यापासून.

कंडक्टर: गेला उन्हाळा. म्हणजे मी घरी जाऊन लेकाला सांगायचे, काळजी करू नकोस, ती शिंपीणही माझ्याएवढंच वाचते, औषधच हळू आहे. लेक म्हणायचा, आई, डॉक्टरांना विचार, औषध बदलता येतं का. मी विचारलं नाही. का विचारू? दोघींचाही डोळा सारखाच उतरतोय म्हटल्यावर ती औषधाची तऱ्हा असणार. एकटा माझाच उतरतोय हे कळलं असतं, तर त्यांच्या टेबलावर हात आपटून विचारलं असतं मी.

शिंपीण: हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शपथ घेऊन सांगते, हे नाही आलं. मला एवढंच वाटलं की तुला वाईट वाटेल.

कंडक्टर: वाटलं असतं. एक दिवस घरी जाऊन रडले असते, भांडी आपटली असती. दुसऱ्या दिवशी सगळ्या जिन्याला सांगत सुटले असते की माझ्या मैत्रिणीला सहा ओळी दिसतात. मला तू एवढी हलक्या मनाची समजलीस?

शिंपीण: तुला नाही, मीच कच्ची पडले. दर खेपेला खोटा आकडा सांगायचा, तुझा हात हातात घेऊन. आदल्या रात्री झोप लागायची नाही. खरं सांगावं तर इतके दिवस का लपवलंस म्हणशील. तेवढ्यात त्या दारावर जलद रांगेची पाटी लागली. म्हटलं, ह्या दाराने गेलं की विचारणारंच कुणी नाही.

कंडक्टर: म्हणजे रांगेचा काही संबंधच नव्हता. हे पैसे तू मला टाळायला भरलेस.

शिंपीण: असं नको गं म्हणूस.

कंडक्टर: मग कसं म्हणू? भाव तूच ठरवलास. मला तर बरं वाटायला हवं. एका हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचे पडदे! एवढी किंमत माझी आजवर कुणी केली नव्हती. आणि कोंबडा?

शिंपीण: फोन हातातच होता. तुझं नाव दिसलं. अंगठा आपोआप गेला त्यावर.

कंडक्टर: आपोआप.

शिंपीण: नाही. मी दाबला. आता सगळंच सांगते, म्हणजे एकदाचं संपेल. ती काच दुधी आहे. पलीकडचा बाक दिसतो, पण माणसं नुसती डागासारखी. एक डाग सारखा उठत होता आणि मागे जाऊन बसत होता. पुढे सरकत यायचा, पुन्हा उठायचा. मला कळत होतं ती तू आहेस. सहा ओळी वाचणारा डोळा, त्याला तेवढं कळणार नाही?

कंडक्टर: आणि तू बसून राहिलीस.

शिंपीण: बसून राहिले. सारखं मनात, आत्ता उठावं, दार ढकलावं, आणि म्हणावं चल. तेवढ्यात माझा नंबर आला आणि मी आत गेले. बाहेर आले तेव्हा लेक गाडी घेऊन उभी होती. म्हटलं, आता ही जाईलच आत. किती वेळ थांबेल?

कंडक्टर: किती वेळ थांबेल. दोन वर्षं बसलीस माझ्याजवळ आणि तेवढंही कळलं नाही तुला.

शिंपीण: माझं चुकलं. मोठं चुकलं. तुझंही कार्ड काढते मी, आजच काढते. मग दोघी तिकडून जाऊ, त्या माशाला नावं ठेवू. ह्या कडक बाकावर तुला...

कंडक्टर: आणि मागच्या त्या माणसांचं कोण काढणार? ज्यांना हात जोडून पुढे आलीस त्यांचं? सगळ्यांनी कार्ड काढलं की तुझा सोफाही बाकच होईल. पंधरा माणसं त्यावरही सरकत बसतील. मग तिसरं दार काढतील कुठेतरी, त्याची पाटी लावतील, आणि तू तिथेही पडदे घेऊन जाशील.

शिंपीण: मी नाही जाणार आता. ते कार्ड फाडते मी, तुझ्यासमोर फाडते.

कंडक्टर: नको फाडू. पैसे गेलेत ते, वापर. निदान कुणीतरी लवकर घरी जावं.

शिंपीण: तुझ्यासाठीच आले गं आज. अंधारात उठले, फाटकापाशी उभी राहिले. त्याचं काहीच नाही?

कंडक्टर: आहे ना. कळलं मला. गुडघे दुखतायत तुझे, तेही कळतंय. पण त्या दिवशीची सुई त्याने मिळत नाही मला.

शिंपीण: आज किती ओळी वाचल्यास, ते तरी सांग. मी आता खरं सांगेन, कितीही असो.

कंडक्टर: तुझं तू सांग आधी.

शिंपीण: सात.

कंडक्टर: सात? छान. जप हो. उजेडात बसून शिवत जा.

शिंपीण: आणि तुझ्या?

कंडक्टर: सगळ्यात वरचं ते मोठं अक्षर असतं ना एकटं. ते वाचलं. पण ते मला पाठ आहे.

सिस्टर: मावशी, चला, तुमचा नंबर. डॉक्टर आधी बोलणार आहेत तुमच्याशी, मग सुईचं बघू म्हणाले. आणि मॅडम, तुम्ही ह्यांच्या मागोमाग.

शिंपीण: बघ, लागोपाठच आलो. दे, पिशवी धरते मी.

कंडक्टर: राहू द्या.

शिंपीण: पुन्हा "तुम्ही"?

कंडक्टर: राहू द्या पिशवी. आत काय सांगतील ते सांगतील, हातात काहीतरी असलेलं बरं.

शिंपीण: मी आलेच तुझ्या मागे. बाहेर पडलीस की पायरीवर थांब, एकटी उतरू नकोस. मी तुझ्या डाव्या हाताला येते. पट्टी असो नसो, काहीही सांगोत ते, नेहमीसारखं जाऊ, मी तुला बसमध्ये बसवून देते. लेकीला सांगितलंय गाडी आणू नकोस म्हणून.

कंडक्टर: तुम्ही नका थांबू. फाटकावरच्या वॉचमनशी ठरवलंय मी. गेल्या खेपेपासून तोच नेतो मला रस्त्यापलीकडे.

शिंपीण: तो? अगं, तो तर पैसे घेतल्याशिवाय जागचा हलत नाही.

कंडक्टर: घेतो. पण थांबतो.